पाच दिवसांची रजा आणि जंगलाचे पंचांग

डिसेंबर २०२२ मध्ये मी, पत्नी आणि तेव्हा नऊ वर्षांचा असलेला आमचा मुलगा असे तिघे ताडोबा, पेंच आणि कान्हा ही तीन राष्ट्रीय उद्याने एकाच फेरीत पाहायला पुण्याहून निघालो आणि पाच दिवसांची रजा खर्ची घालून अवघ्या दोन सफारी करून परतलो. मी बँकेत नोकरीला आहे आणि वर्षभरात सलग मागता येईल अशी रजा माझ्या वाट्याला तेवढीच येते, त्यामुळे या फजितीचे दुःख वाघ न दिसल्याच्या दुःखापेक्षा मोठे होते.

चूक पूर्णपणे माझीच होती. मी आधी हॉटेले ठरवली, मग गाडी ठरवली आणि सफारीचे परवाने ‘तिथे गेल्यावर गाडीवाला बघेल’ म्हणून सोडून दिले. सोमवारी संध्याकाळी आम्ही ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी पोहोचलो, तेव्हा ताडोबा दर मंगळवारी बंद असते हे हॉटेलच्या व्यवस्थापकाने चहा देता देता सांगितले. मंगळवार खोलीवर पत्ते खेळण्यात गेला. बुधवारी सकाळची एक सफारी करून आम्ही घाईघाईने पेंचच्या मध्य प्रदेशातील तुरिया प्रवेशद्वाराकडे निघालो आणि पोहोचल्यावर कळले की त्या राज्यातील व्याघ्र प्रकल्पांमध्ये बुधवारी दुपारची सफारी नसते. म्हणजे आठवड्यातील नेमक्या दोन बंद वेळा आम्ही एकापाठोपाठ एक गाठल्या होत्या. गुरुवारी सकाळी पेंचमध्ये सफारी झाली, पण नाताळच्या गर्दीमुळे कान्ह्याचे शुक्रवारचे प्रवेश कधीच संपलेले होते. नागपूर ते नागपूर सुमारे आठशे किलोमीटर प्रवास झाला आणि त्याचा बहुतेक भाग डांबरी रस्त्यावरचा होता.

पुढच्या वेळी मी हॉटेलांची संकेतस्थळे न उघडता चौकटीची वही उघडली. पहिल्या पानावर आमच्या अडचणी लिहिल्या. मार्चअखेरीस बँकेत रजा मिळत नाही, मुलाची परीक्षा एप्रिलमध्ये असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ताडोबा आणि कान्हा या दोन्ही ठिकाणचे गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत आतले संरक्षित जंगल, पर्यटनासाठी बंद असते. पळस फुलण्याचे आणि मोहाच्या फुलांसाठी अस्वले बाहेर पडण्याचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, म्हणजे जंगल ज्या काळात सर्वांत देखणे दिसते तो काळ आमच्यासाठी आधीच बाद झाला होता. (निवृत्तीनंतर पहिला फाल्गुन विदर्भात घालवायचा, असे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकले आहे.) आता दिवाळी, नाताळ आणि मे एवढेच पर्याय उरले.

या तिन्हींपैकी निवड करताना पाण्याचा विचार करावा, हे मला कार्यालयातील मूळच्या चंद्रपूरच्या सहकाऱ्याने समजावले. पावसाळा संपल्यावर दिवाळीपर्यंत प्रत्येक नाल्यात पाणी असते आणि गवत गाडीच्या बोनेटएवढे वाढलेले असते, त्यामुळे वाघाला तहान भागवण्यासाठी ठरावीक जागी यावे लागत नाही आणि तो दहा फुटांवर असला तरी आपल्याला दिसेलच असे नाही. डिसेंबरात हवा स्वच्छ असते आणि तलावांवर स्थलांतरित पक्षी असतात, पण पाणी अजूनही बरेच ठिकाणी टिकून असते. एप्रिलपासून नाले आटतात, साग निष्पर्ण होतो, बांबूच्या बेटांपलीकडचे दिसू लागते आणि सगळ्या प्राण्यांची ये-जा तलावांभोवती आणि वनखात्याने भरलेल्या पाणवठ्यांभोवती एकवटते. मे महिन्यातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यामागेही हेच गणित आहे: पाणी सर्वांत कमी आणि चांदणे सर्वांत जास्त.

मे महिन्याला घरातून विरोध झाला. चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत सहज ४४-४५ अंशांवर जातो आणि उघड्या जिप्सीत मुलाला बसवून त्या उन्हात हिंडवणे पत्नीला पटत नव्हते. शिवाय तिला वाघापेक्षा कान्ह्याचा बारशिंगा हा हरणाचा प्रकार पाहायचा होता. १९७० मध्ये या कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या ६६ पर्यंत घसरली होती आणि कान्ह्यातील कुरणांनी तो वाचवला, हे तिने शाळेत मुलांना शिकवलेले आहे. पण एकाच फेरीत दोन्ही साधण्याच्या हट्टापायीच आम्ही फसलो होतो. म्हणून एका फेरीत एकच जंगल हा नियम आम्ही मान्य केला आणि पाच दिवसांच्या रजेचे दोन तुकडे करायचे ठरवले.

२०२४ ची दिनदर्शिका हाती घेतल्यावर पहिला तुकडा आपोआप सापडला. बुद्धपौर्णिमा गुरुवारी २३ मे रोजी होती आणि २५ मे हा चौथा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी होती. मंगळवारी ताडोबा बंद असते, म्हणून मंगळवारी कामावर जाऊन रात्रीची गाडी पकडायची, बुधवारी सकाळी नागपूरला उतरायचे आणि रविवारी पुण्यात परतायचे. मध्ये रजा फक्त बुधवार आणि शुक्रवारची. जो वार मागच्या वेळी आमच्या मुळावर आला होता, तो या वेळी कामाच्या दिवसात बसला.

या वेळी क्रमही उलटा ठेवला. आधी सफारी, मग मुक्काम, शेवटी रेल्वे. अर्थात रेल्वेचे आरक्षण मिळेल की नाही या धास्तीने दोन रात्री नीट झोप लागली नाही. गाभा क्षेत्राच्या सफारींचे आरक्षण सुरू होताच ते केले आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावरील नाव अक्षर न् अक्षर तपासून भरले, कारण प्रवेशद्वारावर तेच कागद पाहतात. मोहर्लीऐवजी कोलारा प्रवेशद्वार निवडले, कारण ते नागपूरहून जवळ पडते आणि प्रवासाच्या दिवशीही दुपारची सफारी पदरात पडते. तीन सफारी गाभा क्षेत्रात आणि पहिली व शेवटची अशा दोन बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, घेतल्या. बफरमध्ये वाघ दिसत नाही हा समज चुकीचा आहे. वाघाला आपली हद्द ठाऊक असते, वनखात्याची नव्हे.

उन्हाचा बंदोबस्त पत्नीने केला. सकाळची सफारी उजाडताच सुरू होत असल्याने उन्हाचा तडाखा बसण्याआधीच बरेचसे फिरणे होते, खरी कसोटी दुपारच्या फेरीची असते. ओले पंचे, कांदा, मीठ-साखरेचे पाणी आणि भर दुपारी सक्तीची झोप एवढ्यावर मुलाने पाचही सफारी तक्रार न करता केल्या. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, हेही मला वरदानच वाटले.

पहिल्या दोन सफारींत वाघ दिसला नाही. रानगवे, रानकुत्र्यांची एक टोळी आणि वाळक्या पानांवर उड्या मारणारा नवरंग पक्षी दिसला, जो पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे येतो आणि हिवाळ्यातील पर्यटकाच्या नशिबी नसतो. गुरुवारी दुपारी चितळाचा इशारा ऐकून गाइडने गाडी एका पाणवठ्यापाशी थांबवायला लावली आणि पाऊण तास आम्ही काहीही न बोलता तापत बसलो. मग एक वाघीण बांबूतून बाहेर आली, पाण्याकडे पाठ केली आणि आधी शेपूट, मग मागचे पाय असे करत उलटी पाण्यात उतरून गळ्यापर्यंत बसली. तोवर मागे आणखी आठ-दहा जिप्सी जमल्या होत्या आणि ती गर्दी मला टोचलीही. पण सुट्टीच्या दिवशी आलेल्या त्या गर्दीत मीही होतोच.

परतीच्या गाडीत पत्नीने वही मागितली. २०२४ मधील नाताळ बुधवारी होता आणि २८ डिसेंबर पुन्हा चौथा शनिवार होता. कान्हा बुधवारी दुपारी बंद असते, आणि नागपूरहून तिथवरचे सुमारे २६० किलोमीटर अंतर तोडायला नेमकी तीच दुपार लागते. गुरुवार आणि शुक्रवार अशी दोन दिवसांची रजा, थंडीत बारशिंग्याचे नर कुरणात साद घालतात तो काळ, आणि हातात सात महिने. वहीतील बुधवारच्या चौकटीत तिने ‘प्रवास’ असे लिहिले आणि एक रजा शिल्लक राहते आहे, हे मला दोनदा मोजून दाखवले.