तळाची बाटली पांढरीच राहिली

गोवा युनिव्हर्सिटीत, ताळगावच्या पठारावर, आमचं स्कूल ऑफ अर्थ, ओशन अँड ॲटमॉस्फेरिक सायन्सेस आहे, तिथे मी लॅब बघतो. नाव सांगितलं की लोक हमखास विचारतात, मग चतुर्थीला पाऊस आहे का? असो.

सप्टेंबरअखेरची गोष्ट. एमएस्सीची पोरं घेऊन ट्रॉलरने कांदोळीसमोर गेलेलो, साधारण 10 किलोमीटर आत, खोली 25 मीटरच्या आसपास. एनआयओवाले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) 1997 पासून तिथलं पाणी तपासतायत, त्यामुळे काय दिसणार ते वाचलेलं होतं. समुद्र शांत, लख्ख ऊन, निम्मी पोरं सेल्फीत.

ऑक्सिजनचं सॅम्पल सगळ्यात आधी घ्यायचं असतं, नळी बाटलीच्या तळाला टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता, पाणी भरपूर ओसंडू द्यायचं आणि लगेच विंकलरचे (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत) दोन रिएजंट, त्यातलं एक मँगनीजचं, घालून बूच. वरच्या पाण्याच्या बाटलीत छान तपकिरी साका बसला. मधली फिकी. तळाच्या निस्किनचा (खोलातलं पाणी पकडून आणणारी बाटली) नळ उघडला तर आधी वासच आला, कुजक्या अंड्याचा, हलका पण चुकणार नाही असा, आणि रिएजंट घालून हलवली तरी साका पांढराच! मँगनीजला तपकिरी व्हायला ऑक्सिजन लागतो, तो पाण्यात नव्हताच. एक मुलगी म्हणाली, सर रिएजंट खराब झालेत का? शंका रास्त होती, पण त्याच रिएजंटने वरची बाटली तपकिरी झालेली. तरी परत सॅम्पल घेतलं. परत पांढरं.

बोटीचा तांडेल बघत होता. म्हणाला, "सकयल नुस्तें ना आतां." म्हणजे खाली मासळी नाही आता. त्याला केमिस्ट्रीची गरजच नव्हती.

होतं काय, की पावसाळ्यात खोलातलं थंड, मुळातच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर चढून किनाऱ्याजवळ येतं, त्याच्यावर पावसाचं नि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं म्हणजे वरची हवा खाली मिसळत नाही, त्यात प्लवक भरमसाट वाढून मरून तळाला कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मग बॅक्टेरिया नायट्रेट वापरतात, ते संपलं की सल्फेट, म्हणून तो वास. नायट्रेटच्या टप्प्यावर नायट्रस ऑक्साइड सुटतो, एनआयओचे नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे याच किनाऱ्याबद्दल मांडलेलं. बोट लागून आडवा पडलेला हवामानवाला पोरगा, जो सकाळपासून "यात माझं काय काम" म्हणत होता, तो हे ऐकून उठून बसला, कारण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 250 पटींहून जास्त तापवतो.

संध्याकाळी लॅबमध्ये ॲसिड घातलं, ऑक्सिजन असेल तर त्याने आयोडिन सुटतं आणि तेच ब्युरेटने थेंब थेंब घालून मोजायचं, म्हणजे टायट्रेट करायचं. वरचं सॅम्पल पिवळं झालं, ब्युरेट चालली. तळाचं पाण्यासारखं स्वच्छ, स्टार्च घातला तरी निळं नाही, टायट्रेट करणार काय? त्याच हवामानवाल्या पोराने विचारलं, "सर, रजिस्टरमध्ये शून्य लिहू?" म्हटलं नाही, डिटेक्शन लिमिटच्या खाली, म्हणजे आपल्या पद्धतीला मोजता येईल त्याहून कमी, असं लिही. त्याला ते फारच मिळमिळीत वाटलं.