सरांच्या वहीतला आकडा

पाचवीत सरांच्या वहीत माझ्या नावापुढे '४' लिहिलेलं होतं. सिंगलबारला हात धरून हनुवटी दांड्याच्या वर किती आकडे टिकते, त्याचा तो हिशेब. सर सावकाश "एक... दोन..." मोजत, आणि चारला मी धप्पकन मातीत. शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीतून बघत होत्या, याची वहीत नोंद नाही. मला मात्र पक्की आठवण आहे.

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने बर्लिनला जाऊन देशी व्यायाम दाखवले, ही गोष्ट ते अशी रंगवत की जणू स्वतःच तिथे खांबावर होते. (तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसावा.) मैदानाच्या कोपऱ्यात पुरलेला मल्लखांब एरंडेलाने काळा पडला होता. त्या तेलाचे डाग खाकी हाफपँटवरून कधी गेले नाहीत, आणि दर शनिवारी आईची बोलणी ठरलेली. दहावीला, १९८८ साली, माझा आकडा ४१ झाला.

सगळं श्रेय सरांचं, असं म्हणणं खोटं होईल. घरी नळ नव्हता. विहिरीवरून पाणी शेंदून आणायचं. त्यातही जास्त पोहरे ताईनेच ओढले. तिला कुणी बारला लटकू दिलं नाही. दिलं असतं, तर माझे ४१ कुठल्या कुठे राहिले असते.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झालो. बारा-तेरा वर्षांची पोरं पाठ दुखते म्हणून येतात. मुठीची पकड मोजायचं यंत्र हातात दिलं, की काटा जेमतेम हलतो. आई लगेच विचारते, "पण डॉक्टर, वजन तर बरोबर आहे ना त्याचं?" गफलत इथेच होते. इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या १९९८ मध्ये झाल्या, आणि २००८ मध्ये त्याच वयाच्या नव्या मुलांच्या. उंचीच्या मानाने वजन होतं तसंच. पण हातांची ताकद २६ टक्के कमी, सिट-अप्स २७ टक्के कमी, मुठीची पकड ७ टक्के कमी. लटकल्यावर स्वतःचं वजन न पेलणारी मुलं आधी वीसात एक होती, ती दहात एक झाली. शाळेतल्या वजनकाट्याला यातलं काही कळलंच नसतं.

सुवर्ण महोत्सवाच्या बैठकीसाठी शाळेत आलो, तेव्हा मल्लखांबाच्या जागी पाण्याची टाकी दिसली. बार आहे, नवा रंगही दिलाय. पीटीचा तास गणिताला जातो म्हणे. आमच्या वेळीही जायचा, उगाच कशाला बढाई मारू. पण शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मैदान आमचं असायचं. आता गेटवर रिक्षा उभ्या असतात. सातवीतल्या एका पोराला उचलून बारला लावलं. दोनला सुटला. तळवे पँटला पुसत म्हणाला, "काका, परत?" दुसऱ्यांदा तीन झाले.

आमच्या बॅचने वर्गणी काढून शाळेला चढायचा दोर दिला. बाईंनी कौतुकाने घेतला. खाली गादी हवी, पालकांची संमतिपत्रं हवीत, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. तोवर दोर ऑफिसच्या कपाटात, जुन्या निकालपत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलाय.