मैत्री, गडगा आणि मानकुराद

गोव्यात मांद्रे-हरमलच्या रस्त्यावर ‘मेडिटेशन’चे बोर्ड मी कित्येक वर्षं बघतोय. ते गोऱ्यांचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पुढे जायचो. मग मुलीने पुण्याहून आल्यावर माझ्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं. तिच्या कंपनीत आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स झाला होता. हा साचा जॉन कबॅट-झिन यांचा. १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये त्यांनी तो सुरू केला, जुनाट दुखण्यांनी कंटाळलेल्या रुग्णांसाठी.

फोंड्यात फार्मसीच्या काउंटरवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे डोकं तापतंच. श्वासाकडे बघितल्याने झोप लागायला लागली, हे खरं. पण शेजाऱ्यावरचा राग काही हलेना.

शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला, तो आमच्या बाजूला वीतभर सरकवून. पहिल्याच पावसात पाणी आमच्या अंगणात. तेव्हापासून बोलणं बंद.

माझं आजोळ सांखवाळचं, म्हणजे धर्मानंद कोसंबींच्या गावचं. १८७६ साली तिथे जन्मलेला हा माणूस श्रीलंकेत जाऊन भिक्षू झाला, पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनावर काम केलं. लहानपणी नाव नुसतं ऐकलेलं. आता रागावर उपाय म्हणून मैत्रीभावना, म्हणजे ध्यानात बसून दुसऱ्याचं भलं चिंतणं, कशी करतात ते शोधताना याच ग्रंथाशी येऊन पोचलो. बुद्धघोषाने तो पाचव्या शतकात लिहिला, आणि गृहस्थ भलताच व्यवहारी. सुरुवात स्वतःपासून करा म्हणतो, मग आवडता माणूस, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा, आणि वैरी शेवटी. वैऱ्यावर अडलात तर त्याच्याकडे उपायांची रांगच आहे. एक उपाय वाचून मी एकटाच हसलो: तू नक्की कशावर रागावलास, त्याच्या केसांवर की नखांवर?

वीस मिनिटं डोळे मिटून बसलो. केस म्हणाल तर शेजाऱ्याला फारसे नाहीतच. नखांशीही माझं भांडण नाही. उरला गडगा. तो काही मनातून जाईना.

यानेही भागलं नाही तर? त्याला काहीतरी द्या, म्हणतो बुद्धघोष. हे मात्र अॅपमध्ये कुठे सापडलं नाही.

मे महिना होता. म्हापशाहून आणलेल्यातले एक डझन मानकुराद आंबे पिशवीत घातले आणि गडग्याला वळसा घालून गेलो. बायको खिडकीतून बघत होती. त्याने पिशवी उघडली, वास घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

“म्हाका डायबिटीस आसा. तुका खबर ना?”

खबर कशी नसेल? दर महिन्याला त्याची वहिनी माझ्याच काउंटरवरून मेटफॉर्मिनच्या स्ट्रिप्स घेऊन जाते. बिल मीच करतो. सकाळ-संध्याकाळ या माणसाचं भलं चिंतत होतो आणि त्याला साखर आहे एवढं आठवलं नाही.

मी पिशवीकडे हात केला. त्याने ती मागे ओढली. “आसूं दी. नातवाक जातले.”

गडगा अजून तिथेच आहे.