रंकाळ्याचं पाणी कुठल्या रंगाचं?

चित्रकलेच्या तासाला मोबाइल वापरायचाय, असं म्हटल्यावर आमचे मुख्याध्यापक माझ्याकडे बघतच राहिले. “अहो मॅडम, पोरांच्या हातातला मोबाइल काढून घ्या म्हणून आम्ही पालकसभेत घसा कोरडा करायचा, आणि तुम्ही वर्गात आणायला सांगताय?” मी म्हटलं, सर, ज्या कोल्हापुरात चित्रकार बाबुराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच तयार केला आणि त्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तिथं चित्रकाराला यंत्राचं वावडं कशाला? ते हसले, पण परवानगी मिळाली ती अटींवर. गटाला एकच मोबाइल, तोही पालकांनी लेखी दिल्यावर. इंटरनेट बंद ही अट मात्र माझी. ते चालू असलं की पोरं तयार चित्र शोधतात आणि स्क्रीनवर कागद ठेवून गिरवतात.

पालकांचा सवाल सरळ होता. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात. ते सोडून हे काय? त्यांचं चुकत नाही. म्हणून हा प्रयोग आठवीच्या एकाच तुकडीवर केला आणि स्मरणचित्राच्या तासातच बसवला.

आधी वर्गात आठवणीनं आमचा रंकाळा तलाव काढायला सांगितला. सगळ्यांचं पाणी प्रशियन ब्ल्यू, बाटलीतून काढून थेट कागदावर. मी काही बोलले नाही. फळ्यावर फक्त प्रश्न लिहिला: रंकाळ्याचं पाणी कुठल्या रंगाचं?

मग सकाळच्या उन्हात रंकाळ्यावर गेलो. सुरुवात अर्थातच सेल्फीनं. ते उरकल्यावर प्रत्येक गटानं संध्यामठ या तलावातल्या जुन्या दगडी वास्तूकडचा पाण्याचा तोच तुकडा टिपला. फोटोत बोट ठेवलं की लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे दाखवणारं साधं ॲप आधीच घालून ठेवलं होतं. आकडे बघून भांडणच जुंपलं. एका मोबाइलवर पाणी हिरवट, दुसऱ्यावर निळसर, तिसऱ्यावर चक्क राखाडी. “माझ्या पप्पांचा मोबाइल लई भारी हाय, त्याचंच खरं!” मी विचारलं, मग खरं कुणाचं ते ठरवायचं कसं?

बराच वेळ नुसता गलका. मग एका मुलीनं ड्रॉइंग शीट कठड्यावर पसरलं. “मॅडम, ह्यो कागद तर पांढरा हाय ना? ह्याचा फोटो काढू या.” कागदसुद्धा प्रत्येक मोबाइलवर वेगळा निघाला, एकावर तर पिवळट. इथं मला शिकवायला जागा मिळाली. उजेड कसा आहे याचा कॅमेरा अंदाज बांधतो, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सरकवतो, आणि प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा. पोरांनी पुन्हा फोटो काढले, या वेळी पाण्यासोबत कागदही चौकटीत घेऊन, आणि पाण्याचे आकडे कागदाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. ते पूर्ण जुळले नाहीत, पण भांडण मिटण्याइतके जवळ आले.

त्यातून पुढचा प्रश्न त्यांनीच काढला. पायाजवळचं पाणी शेवाळी आणि लांबचं आभाळासारखं, असं का? उत्तर मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीखाली काळ्या घमेल्यात पाणी भरून ठेवलं. उभं राहून वाकून बघितलं तर घमेल्याचा तळ दिसतो. उकिडवं बसून, डोळे काठाच्या पातळीला आणले की तळ गायब आणि खिडकी दिसते. नजर जितकी आडवी, तितका पाण्याचा आरसा होतो. हे विज्ञानाच्या सरांनाही बोलावून दाखवलं, पोरांनीच.

रंगवताना मात्र मोबाइलनं साथ सोडली. आकड्यांत लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असले की स्क्रीनवर पिवळा दिसतो. पॅलेटमध्ये लाल-हिरवा कालवला की चिखल. प्रकाश आणि रंगद्रव्य यांचं गणित वेगळं, हे हात बरबटल्यावरच कळतं. शिवाय जलरंग वाळला की फिका पडतो. मग कागदाच्या पट्ट्यांवर रंग लावायचा, वाळवायचा, पुन्हा लावायचा, असं चाललं. प्रशियन ब्ल्यूमध्ये थोडा पिवळा आणि चिमूटभर तपकिरी बर्न्ट अंबर घातल्यावर एकाला काठचं पाणी सापडलं, तेव्हा अख्खा वर्ग त्याच्या बाकाभोवती.

नंतर टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं बघायला नेलं. एरवी पाच मिनिटांत “मॅडम, चला की” म्हणणारी पोरं काचेला नाक लावून छटा मोजत बसली. आबालाल 1931 साली गेले. त्यांच्याकडे ना ॲप होतं, ना आकडे. हे माझं नव्हे, एका पोराचं निरीक्षण.

चित्रं सुंदर झाली का? सगळी नाही. दोघातिघांनी पाणी इतकं अचूक करायला घेतलं की संध्यामठ तिरका झाला, एकाचा तर राहूनच गेला. परीक्षेत अशा चित्राला गुण कमीच पडतील, आणि ते मी पालकांना सांगितलंय. पण बाटलीतलं निळं पाणी आता कुणी काढत नाही.

पुढचा प्रश्न तुकडीनं मतदानानं निवडलाय: कोल्हापुरी चप्पल वापरून काळपट होते ती उन्हानं, तेलानं की घामानं? त्यामुळे सध्या चित्रकलेच्या खोलीत जुन्या चपलांचा ढीग आहे, आणि शिपाईमामा खिडक्या बंद करायला तयार नाहीत.