फोटो एडिटिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

परवा मावसभाऊ लॅपटॉप घ्यायला गेला आणि दुकानातूनच फोन, "दादा, हे म्हणतायत फोटोशॉप चालवायचं तर ग्राफिक्स कार्ड पाहिजेच, घेऊ का?" म्हटलं थांब, आधी रॅम किती आहे ते विचार. तर ८ जीबी! कार्डापायी एवढे पैसे घालायचे आणि रॅम ८, हे मला अजिबात पटलं नाही.

मी स्वतः चार वर्षं लग्नाचे फोटो कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर केलेत. प्रोसेसरमध्येच असलेलं इंटेलचं साधं यूएचडी ६२० ग्राफिक्स, एका लग्नाच्या हजार-बाराशे रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या फाइल्स), २४ मेगापिक्सेलच्या. सुरुवातीला स्लायडर ओढला की फोटो दोन सेकंदांनी बदलायचा, मलाही वाटायचं कार्ड नाही म्हणूनच असणार, मग एका रात्री वैतागून टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी भरलेली आणि हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर. रॅम १६ केली, एसएसडी टाकली, लाइटरूममध्ये (अडोबी कंपनीचंच, फोटोशॉपसारखं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोची हलकी छोटी प्रत, बनवून त्यावर एडिट करायला लागलो आणि तेच मशीन पळायला लागलं. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप, थोडं मास्किंग, एवढ्याला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं हो.

पण एक ठिकाणी कार्ड खरंच लागतं. २०२३ मध्ये लाइटरूमला एआय डिनॉइझ आलं, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोतले दाणे एआयने काढायची सोय. हळदीच्या रात्रीचा आयएसओ ६४०० चा एक फोटो मी जुन्या लॅपटॉपवर लावला, चहा करून प्यालो तरी पट्टी अर्ध्यावरच. तोच फोटो मित्राच्या आरटीएक्स ३०६० कार्डावर अर्ध्या मिनिटाच्या आत झाला. असे पन्नास फोटो असतील तर कार्ड घ्याच, आणि घेताना त्याची स्वतःची मेमरी बघा, अडोबीच ८ जीबी सुचवते. फोरके मॉनिटर लावणार असाल तरी फायदा होतो.

आणि स्क्रीनबद्दल कोणी बोलतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपला ४५ टक्के एनटीएससीचं पॅनल असतं, म्हणजे कमी रंग दाखवणारं, त्यावर रंग फिके दिसतात म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवत जातो आणि अल्बम छापून आला की नवरीचा चेहरा केशरी. हे माझ्या एका अल्बममध्ये झालंय, पूर्ण परत छापून द्यावा लागला.

भावाने शेवटी १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, १०० टक्के एसआरजीबी (रंग नीट दाखवणाऱ्या) स्क्रीनवाला घेतला, कार्ड नाही. पुढे रॅम वाढवता यावी म्हणून रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे ना, तेवढं मात्र त्याला खात्री करून घ्यायला लावलं.