पाय ५ वर एनव्हीएमई : झाकण लावले की डिस्क गायब

रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकाला एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी डिस्क, जोडून झाल्यावर मागच्या नोंदीच्या शेवटी मी "आता फक्त पेटीचे झाकण लावायचे राहिले आहे" असे लिहिले होते. ते झाकण मला पुढचे सतरा दिवस पुरले. परवा रात्री मूळ दोष सापडला, म्हणून ही नोंद घाईने लिहीत आहे. मृग लागण्यापूर्वी यंत्र उभे करण्याचा बेत होता, तो थोडक्यात हुकला.

ज्यांनी मागचे वाचले आहे त्यांना पार्श्वभूमी ठाऊकच आहे. गच्चीवरचे पर्जन्यमापक आणि हवेच्या दाबाचा सेन्सर यांचे आकडे दर दहा सेकंदांनी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये लिहिले जातात, आणि पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयनेचा विसर्ग आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर येथील पाऊस मी रोज हाताने त्यात भरतो. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीत यायला किती वेळ घेते, याचा माझ्यापुरता आलेख मला काढायचा आहे. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले. माझे हे खूळ तेव्हापासूनचे. सततच्या बारीक लेखनाने दोन एसडी कार्डे मेली, आणि दुसरे कार्ड जाताना जुलैचे नऊ दिवस सोबत घेऊन गेले. एनव्हीएमईचा घाट त्यासाठी घातला. वेग ही वरकमाई.

सामानाविषयी दोन शब्द. पाय ५ च्या अधिकृत एम.२ हॅटवर (डिस्क बसवायच्या जोडबोर्डावर) २२३० आणि २२४२, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० किंवा ४२ मिलिमीटर लांब, याच मापाच्या डिस्क बसतात, आणि त्या लांबीच्या डिस्क मला इथे वाजवी किमतीत मिळाल्या नाहीत. म्हणून २२८० बसणारा दुसऱ्या बनावटीचा अडॅप्टर घेतला. असा अडॅप्टर स्वतःची ओळख बोर्डाला सांगत नाही, त्यामुळे कॉन्फिग फाइलमध्ये पीसीआयईची (बोर्ड आणि डिस्क यांच्यातल्या वेगवान दुव्याची) ओळ हाताने लिहावी लागते आणि डिस्कवरून बूट करायचे असल्यास ईप्रॉममध्ये, म्हणजे बूटची मांडणी साठवणाऱ्या चिपमध्ये, पीसीआयई प्रोब चालू करावा लागतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने "एम.२ एसएसडी" म्हणून पहिल्यांदा साटा या जुन्या जोडणीची डिस्क पाठवली. आकार तोच, खाच मात्र वेगळी; साटा डिस्क या अडॅप्टरवर कधीच चालणार नाही, हे त्याला पटवून देण्यात तीन दिवस गेले. खरेदी करताना "एनव्हीएमई" हा शब्द वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

आता मुख्य दुखणे. यंत्र चालू होई, पंधरा-वीस मिनिटे किंवा कधी दोन तास सुरळीत चाले, आणि मग पिंगला उत्तर येत असूनही लॉगिन होत नसे. पडदा जोडून पाहिले तर फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएस आज्ञेलासुद्धा "इनपुट आउटपुट एरर". मूळ फाइल सिस्टिमच डिस्कवर असल्यामुळे डिस्क गेली की लॉग लिहायला जागाच उरत नाही. चोराने घर लुटताना वहीही नेली, तसा प्रकार. तीन दिवस मी केवळ अंदाज बांधत होतो. शेवटी एसडी कार्डवरून बूट करून एनव्हीएमई नुसती दुसरी डिस्क म्हणून जोडली, तिच्यावर एफआयओ या डिस्क-चाचणीच्या साधनाने लेखनाचा मारा केला, आणि दुसऱ्या खिडकीत डीमेसेग, म्हणजे कर्नलचे संदेश, उघडे ठेवले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. आधी "करेक्टेड", "रिसीव्हर एरर" अशा ओळी सुट्या सुट्या आल्या, मग त्यांची रांग लागली, आणि अखेर "कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट".

पहिला संशय जेन ३ वर, म्हणजे पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या वेगावर गेला, आणि तो गैर नव्हता. पाय ५ ची पीसीआयईची एकुलती लेन (मार्गिका) जेन २ साठीच, म्हणजे सेकंदाला ५ गिगाट्रान्सफरसाठी प्रमाणित आहे. ८ चा वेग आपण कॉन्फिगमध्ये ओळ घालून आपल्या जबाबदारीवर घेतो. मी हावरटपणे तो पहिल्याच दिवशी चालू केला होता. जेन २ वर आणले, रात्रभर मारा केला, एकही चूक नाही. समाधानाने झाकण लावले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्क गायब.

दुसरा संशय विजेवर. तोवर मी १५ वॅटच्या जुन्या ॲडॅप्टरवर भागवत होतो आणि कमी व्होल्टेजची नोंद एकदा आलेलीही होती. अधिकृत २७ वॅटचा, ५.१ व्होल्ट ५ अँपिअर देणारा ॲडॅप्टर मागवला. तो येताच झाकण काढून जोडणी केली, दोन दिवस सुरळीत. झाकण लावले, सहा तासांत गायब. (ॲडॅप्टरचे पैसे मात्र वाया गेले असे मी म्हणणार नाही, कमी व्होल्टेजचा इशारा त्यानंतर एकदाही आलेला नाही.)

तिसरा संशय डिस्कच्या वीजबचतीवर. काही डिस्क झोपेतून उठताना अडखळतात, म्हणून कर्नलच्या ओळीत एनव्हीएमईची कमाल विलंबमर्यादा शून्य केली आणि एएसपीएम, म्हणजे पीसीआयई दुव्याची वीजबचत, बंद केले. पुन्हा दोन दिवस उत्तम, पुन्हा झाकण, पुन्हा तेच.

एवढे होऊनही माझ्या डोक्यात उष्णताच घोळत होती, कारण बंद पेटी आणि सांगलीचा उन्हाळा हे समीकरण फार सोपे होते. पण स्मार्ट लॉगमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, तिचे तापमान ५४ अंशांच्या वर गेलेले दिसत नव्हते आणि तिची इशारा-मर्यादा ८० च्या पुढे होती. तेव्हा उलट प्रयोग केला: झाकण न लावता पंखा बंद केला आणि डिस्क मुद्दाम ६८ अंशांपर्यंत तापू दिली. चार तास मारा चालू होता, एकही चूक नाही. म्हणजे झाकणाने हवा अडत होती हे खरे, पण डिस्क त्यामुळे जात नव्हती.

पेटी माझ्याच आराखड्याची, कुपवाडच्या एमआयडीसीत ३ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमधून कापून घेतलेली. झाकण आणि चारही बाजू एकसंध चिकटवलेल्या, वरून टोपीसारखे बसते. अडॅप्टर बोर्डाच्या डोक्यावर असल्याने दोघांना जोडणारी सोळा तारांची चपटी पट्टी खालच्या सॉकेटमधून निघून बोर्डाच्या कडेबाहेर वळसा घेते आणि वरच्या सॉकेटमध्ये शिरते. विजेरी लावून आरपार पाहिले तेव्हा तो वळसा ॲक्रिलिकच्या भिंतीला चिकटून चपटा झालेला दिसला.

तेवढ्यावर मन मानेना, कारण पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट बसलेली दिसत होती. बोर्ड अडॅप्टरसकट उचलून गणपती पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेला. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, चिमट्याने पट्टी अलगद हलवली आणि म्हणाले, "अवो, ही तिरकी शिरलीया की. ह्या अंगाला पुरती गेलीय, त्या अंगाला केसभर भाईर हाय." मी भिंगातून पाहिले. पट्टीच्या सोनेरी टोकांवर सॉकेटच्या दातांचे ओरखडे एका बाजूला ठसठशीत, लांब होते. दुसऱ्या बाजूला जेमतेम टोकाशी. लॅच (पट्टी धरून ठेवणारा खटका) दोन्ही बाजूंनी बंद, पण पट्टी तिरपी. झाकण नसताना दात टोकाशी का होईना टेकत होते; भिंतीने वळसा दाबला की पट्टी तरफेसारखी उचलली जाई आणि तो टेकाही सुटे. याच पट्टीतून अडॅप्टरला ५ व्होल्टही जातात, त्यामुळे सिग्नल आणि वीज दोन्ही एकदमच डळमळत असणार. माझा प्रत्येक उपाय यशस्वी ठरत होता, कारण उपाय करायला झाकण काढावे लागत होते.

काकांनी पैसे घेतले नाहीत, "ह्यात घड्याळ कुठं हाय?" एवढेच विचारले.

पट्टी नवी घेतली, जुन्या पट्टीची टोके खरचटली होती म्हणून. लॅच पूर्ण उघडून, पट्टी दोन्ही कडांना सारखी दाबून, मग लॅच दोन अंगठ्यांनी एकाच वेळी बंद केले. एका बाजूने आधी दाबले की पट्टी तिरकी होते, हे आता हाताला कळले आहे. या स्वस्त अडॅप्टरचे लॅच फार ठिसूळ आहे, नखाने उचकटू नये. भिंतीला कानशीने बारा मिलिमीटर लांबीची खाच पाडली; वळसा आता मोकळा बाहेर डोकावतो. दिसायला वाईट दिसते.

आता आनंदाची गोष्ट. जेन २ वर वाचन ४३० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळते. या लेनची सैद्धांतिक मर्यादाच ५०० असल्याने तक्रार नाही. त्याच बोर्डावर एसडी कार्ड ८८ देत होते. पण मला खरे सुख आलेखाने दिले: पाच पावसाळ्यांचा एकत्रित आलेख काढायला कार्डावर पाऊण मिनिट लागे, आता चहाचा कप उचलेपर्यंत तयार असतो. जेन ३ पुन्हा करून पाहिले, ८२० पर्यंत गेले, पण तासाभरात दोन "करेक्टेड" ओळी आल्या. चूक सुधारली गेली असली तरी मला ती पाहवत नाही, म्हणून जेन २ वरच राहणार.

बूट क्रमाचे, म्हणजे यंत्राने आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे याचे, मागच्या वेळी मोठ्या कौतुकाने लिहिले होते: तो आकडा उजवीकडून वाचायचा, ६ म्हणजे एनव्हीएमई, १ म्हणजे एसडी, वगैरे. तो सगळा बेत हे लिहिता लिहिता बदलतो आहे. डिस्क गेली तेव्हा वॉचडॉगने (यंत्र गोठले तर ते पुन्हा चालू करणाऱ्या पहारेकऱ्याने) यंत्र पुन्हा चालू का केले नाही, हे वर लिहिताना लक्षात आले: सिस्टिमडी, म्हणजे बाकी सेवा चालवणारा मूळ प्रोग्राम, मेमरीतच जिवंत असते आणि वॉचडॉगला थोपटत राहते, त्याच्या लेखी सर्व आलबेल. त्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम एसडी कार्डवर ओव्हरलेने केवळ-वाचनीय ठेवावी, म्हणजे कार्ड झिजणार नाही; डेटाबेस तेवढा एनव्हीएमईवर, एफएसटॅबमध्ये (डिस्क कुठे चढवायच्या त्या यादीत) नोफेलसह, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी बूट अडणार नाही. डिस्क पुन्हा रुसली तर यंत्र निदान मला तसा निरोप पाठवायला शुद्धीवर राहील. बूट अर्ध्या मिनिटाने लांबेल. पावसाळ्यात ते एकदाच व्हावे अशी अपेक्षा आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल: डिस्क मूळ कार्डाची हुबेहूब प्रत असल्याने दोन्हींचे पार्टयूयूआयडी, म्हणजे विभागांचे ओळख-क्रमांक, सारखेच आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी जोडलेली राहणार असतील तर कोणते मूळ म्हणून चढेल याचा भरवसा नाही. डिस्क पुसून नव्याने विभागणार.

त्याआधी बहात्तर तासांची चाचणी संपवायची आहे. झाकण लावलेले, पंखा चालू, मारा अखंड. आत्ता एकेचाळीसावा तास चालू आहे आणि डीमेसेगमध्ये बूटनंतर एकही नवी ओळ नाही. २२४२ ची चांगली डिस्क कोल्हापूर-सांगली भागात कोणाला दुकानात मिळाली असेल तर किंमत कळवावी. अधिकृत हॅटवर हाच प्रयोग खाच न पाडता करून पाहायचा आहे.