तक्त्यावरचं अंडं

माझ्या तिसरीच्या वर्गात आहाराचा तक्ता लावलाय. दूध, पालेभाजी, डाळ आणि कार्डशीटचं एक पांढरंशुभ्र अंडं. प्रथिनं कशातून मिळतात विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, अंडी, डाळी, कडधान्यं! आणि मधल्या सुट्टीत हीच पोरं खिचडीतली मटकी वेचून ताटाच्या कडेला लावतात, रांगोळीचे ठिपके काढल्यासारखी.

पोषण आहाराचा हिशेब कागदावर चोख आहे, पहिली ते पाचवीच्या पोराला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य, 50 ग्रॅम भाजी. पण मटकी कडेलाच राहिली तर 12 ग्रॅम येणार कुठून?

अंड्याचं तसं नव्हतं हं. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. त्या दिवशी बुडवणारी पोरंपण हजर. एक मुलगी पांढरं तेवढं खायची आणि बलक वहीच्या कागदात गुंडाळून धाकट्या भावाला न्यायची, मी रागवायचे आणि मग गप्प बसायचे. 2025 च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे बंद केले, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे. आता आमच्या गावाचा लोकसहभाग रंगकाम आणि पंख्यातच संपलेला, त्यामुळे विषय मिटला. पोरं पुढे कितीतरी दिवस विचारत होती, बाई अंडं कधी?

दप्तरात पाच रुपयाचा पुडा मात्र रोज असतो. पालकसभेत मी त्यावर जरा लांबलचकच बोलले तर एक आई सरळ म्हणाली, "बाई, सहाला कांदे काढायला जायचं असतं, अंडी कधी उकडू? पुडा दिला की पोरगं रडत नाही." काय बोलणार यावर.

सध्या एक उद्योग चालू आहे. मावशींकडून मूठभर मटकी मागून घेते, आम्ही ती वर्गातच भिजवतो, फडक्यात बांधून खिडकीला लटकवतो, दुसऱ्या दिवशी कुणाच्या मटकीला मोठं शेपूट आलं यावर भांडणं (मोड म्हणायचं हे सांगून थकले). मग तीच मटकी मावशी खिचडीत टाकतात आणि पोरं शेपूट शोधत शोधत खातात. चवळीचं मात्र अजून जमलेलं नाही, तिला शेपूट आलं तरी कुणी हात लावत नाही.